मानेमागचा आरसा

मी हातआरसा बोलतोय. सलूनच्या भिंतीवर मिजाशीत बसलेला तो मोठा आरसा नव्हे. त्याच्याकडे सगळे आपणहून बघतात, काहीजण तर जाताना पुन्हा वळून बघतात. मी खुंटीला लटकणारा, दांड्याचा. केस कापून झाले की मालक मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरतात. माणूस जी मान जन्मभर सोबत घेऊन फिरतो आणि कधीच बघत नाही, ती त्याला दाखवणं हा माझा धंदा.

जन्म कारखान्यातला. मोठी काच कापताना उरलेला तुकडा मी. शिक्षण बेताचंच. गिऱ्हाइकांच्या हातातली वर्तमानपत्रं वाचत शिकलो, तीही उलटी. त्यामुळे बातम्या फारशा कळल्या नाहीत, माणसं मात्र कळली.

माणसांची एक गंमत सांगतो. मला मागे धरलं की सगळे मान डोलावतात. बघत कोणी नाही. बँकेतले साहेब फोनवर बोट फिरवत डोलतात, वकीलकाका डोळे मिटून डोलतात. एका महाभागानं तर मी खुंटीवर असतानाच डोलून घेतलं. मग मीही खोडी काढतो. दारातलं ऊन पकडतो आणि नेमकं त्यांच्या डोळ्यांत सोडतो. तेवढ्यापुरते जागे होतात बिचारे.

या डोलण्यानंच मालकांचा घात केला. त्यांची नजर अधू होत चालली होती. गिऱ्हाइकांच्या मानेवर पायऱ्या पडायला लागल्या, एखाद्या डोक्यावर तर अख्खा जिना. पण लोक गोड हसून डोलायचे आणि पुढच्या वेळी दुसरं सलून शोधायचे.

"अहो, चष्मा घ्या आता," मालकीणबाई म्हणायच्या.

"कात्री हातानं चालते. आजवर एकानं तरी तक्रार केली का?"

समोरच्या सलूनवाल्याशी मालकांची जिवलग दोस्ती. तो अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. सुट्टीच्या दिवशी दोघं एकमेकांचे केस कापतात. नजर दोघांचीही तसलीच. हे त्याला जिना बांधून देणार, तो यांना. मग आळीपाळीनं मला धरणार आणि आळीपाळीनं डोलणार. हसून हसून मी त्यांच्या हातातून निसटायचाच बाकी राहायचो.

अशात मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. "नवरदेवाचे केस मीच कापणार," मालकांनी जाहीर केलं. पोराचा चेहरा उतरला. सलूनमागेच घर, मधे नुसता पडदा. त्याआड तो आईला म्हणाला, "आई, तू सांग ना बाबांना. फोटोत जन्मभर राहील ते."

"डोकं तुझं. तूच सांग."

लग्नाच्या आदल्या दिवशी पोरगा खुर्चीत बसला. मालकांनी गुणगुणत कात्री चालवली आणि मला ऐटीत मागे धरलं. पोराची मान हलायला निघालीच होती, पण त्यानं माझ्यात बघितलं. नीट बघितलं.

"बाबा, डावीकडे खाली उतरलंय."

एवढ्या वर्षांत मी असलं वाक्य ऐकलं नव्हतं. मालकांनी डोळे बारीक करून मला डावीकडे सरकवलं.

"कुठे? मला तर सरळ दिसतंय."

"तेच तर सांगतोय बाबा. तुम्हाला दिसत नाहीये."

मालकांचं तोंड एवढंसं झालं. मालकीणबाई पुढे झाल्या. मुलाला उठवलं, नवऱ्याला बसवलं, आपला फुलाफुलांचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि मला त्यांच्या मानेमागे धरलं. मालक बघत राहिले. मान डोलली नाही. मग आधी पोट हललं, मग खुर्ची, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"हे पैलवानानं केलं? आणि मी त्याला शाबासकी दिली?" दारात जाऊन हाक मारली, "अरे पैलवान, इकडे ये. आणि आधी मागे वळ, तुझी मान बघू दे."

फुलाफुलांच्या चष्म्यातून त्यांनी पोराची मान अशी साफ केली की मोठा आरसासुद्धा गप्प झाला.

आता माझ्या कडेचा मुलामा सुटलाय, दांडा खिळखिळा झालाय. मालकांनी स्वतःचा चष्मा घेतलाय. कोणी न बघता डोललं की म्हणतात, "मान नंतर हलवा. आधी बघा." काहींना राग येतो. येऊ द्या.

तुमच्या मानेमागेही कोणीतरी कधीतरी आरसा धरेल. बायको धरेल, पोर धरेल, एखादा काडीपैलवान धरेल. डोलू नका, बघा. वाकडं दिसलं तर गळ्यातलं कापड सुटायच्या आत बोला. तोवर कात्री हातातच असते.