दुप्पट भुकटी

त्या दिवशीही काकूने सकाळी डोक्याला फडकं बांधलं, नाकातोंडावरून रुमाल घट्ट केला आणि कारखान्याच्या मिक्सरमध्ये दाणा ओतायला घेतला. प्लास्टिकच्या दाण्यात खडूची भुकटी मिसळायची, हे त्या घराचं पिढीजात काम. सासऱ्याने केलं, नवऱ्याने खोकत खोकत केलं, तो गेल्यावर ते तिच्या गळ्यात पडलं. कारखान्यात मिसळणीच्या या खोलीतल्यांना सगळे 'भुकटे' म्हणत. त्यांनी मागच्या दाराने यायचं, वेगळ्या नळावर पाणी प्यायचं. त्यांच्या घरात कुणी मुलगी देत नसे, त्यांची करूनही घेत नसे. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून खोडायचं तरी काय?

सुपरवायझर खोलीतल्या सगळ्यांसमोर दारातूनच ओरडला, "काकू, आजपासून स्टुलाच्या मालात भुकटी दुप्पट!"

"साहेब, बेताची घातली तर माल ताठ होतो. दुप्पट घातली तर लवचीकपणाच जाईल. माणूस उभं राहिलं की खापरासारखा तडकेल."

"भुकट्यांनी आम्हाला अक्कल शिकवू नये. वरून हुकूम आहे, दाण्यापेक्षा खडू स्वस्त पडतो."

लेकीचं शिक्षण चालू होतं. काकूने तोंड मिटलं आणि भुकटी ओतली.

स्टुलं निघाली दृष्ट लागण्यासारखी. पांढरीशुभ्र, वजनदार. जड ते मजबूत असंच गिऱ्हाइकाला वाटतं. महिन्याभरात एक निवृत्त शिक्षिकाबाई फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. स्टूल मधोमध फुटलं, बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत.

चौकशी लागली. मॅनेजरने काकूला आणि लेकीला पुढच्या दाराने बोलावलं, बसायला खुर्च्या दिल्या आणि कागद पुढे सरकवला. 'माप माझ्या हातून चुकलं,' असं त्यावर लिहिलं होतं.

"सही करा. तुमचं काम जाईल, पण मुलीला वर ऑफिसात घेतो. तिच्यामागची भुकटी कायमची सुटेल."

"आई, कर ना," लेक कुजबुजली. "नाहीतरी आपल्याला कोण विचारतं?"

काकूचा हात पेनापर्यंत गेला आणि थांबला.

"बावीस वर्षांत माझं माप एकदाही चुकलं नाही, साहेब." मग ती लेकीकडे वळली. "आज मी हे कबूल केलं, तर उद्या म्हणतील, भुकट्यांचा हातच तसला, त्यांना लांबच ठेवा. मग तू वर बसलीस काय नि खाली बसलीस काय, भुकटीच राहशील."

तिने चौकशी अधिकाऱ्याला घडलं ते सगळं सांगितलं. त्याने लिहून घेतलं. पण हुकूम कानांनी ऐकलेल्या सहा जणांपैकी एकही साक्षीला उभा राहिला नाही. काकूचं काम गेलं. लेकीने कितीतरी दिवस अबोला धरला.

शेवटी काकू शिक्षिकाबाईंच्या घरी गेली. मुलाने दार उघडलं.

"ती भुकटी मी घातली, दादा. स्टूल तडकेल हे कळत होतं. हुकूम त्यांचा होता, हात माझे होते."



"कळत होतं, तर घातलीत कशाला?"

ज्या कारखानदारांनी पिढ्यानपिढ्या काकूच्या घराला तोंड उघडू दिलं नाही, त्यांच्या दारात जाऊन हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.