जमिनीवरची जागा

आजीचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. वय सत्त्याऐंशी. "या वयात कशाला चिरफाड?" म्हणणारे भरपूर होते, तिच्याऐवजी रात्रभर कण्हायला मात्र त्यांच्यातलं कोणी येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. एकेक गुडघा बदलू. झकास चालाल. पण यापुढे जमिनीवर बसणं बंद."

आजीचा जीव तिथेच अडकला. आजोबा जन्मभर पुस्तकांचे बाइंडर. आता सगळं विसरले होते, पोटच्या मुलांनाही. तरी दिवसभर जमिनीवर बसून कोरे कागद दुमडायचे. आजी कशीबशी खाली टेकली आणि शेजारी दुमडायला लागली, की न बघताच म्हणायचे, "आलीस?" एवढी एकच ओळख उरली होती. तीही घालवायची? पण हल्ली तिला उठवायला दोन माणसं लागायची, आणि ती कळवळली की आजोबा घाबरून रडायचे. शेवटी मन घट्ट करून ती हो म्हणाली.

आधी उजव्या गुडघ्यासाठी कंबरेखाली बधिर केलं. डोळ्यांवर गुंगी आली. हातोडीचे ठोके कुणा शेजाऱ्याच्या घरातून आल्यासारखे वाटत होते. खोलीभर कागद उतरत होते, पांढरे, सावकाश. त्यांच्यात ती मांडी घालून बसली होती, चांगली ऐसपैस, आणि काहीच दुखत नव्हतं. उठवलं तेव्हा तिला नर्सचा रागच आला.

वॉकर धरून ती घरी आली. खोलीभर ऊन पसरलं होतं, त्यात कागद तरंगल्यासारखे दिसत होते. आजोबांनी मान वर केली.

"कोण हवंय?"

"अहो, मी आहे."

"बसा." त्यांनी शेजारची जमीन हातानं पुसली.

"बसता येत नाही आता." तिचा जीव तुटला.

आजोबा भिंत धरून, धडपडत उठले आणि पाहुणीसमोर उभे राहिले. "मग उभ्यानंच बोलू. आमची ही येईलच इतक्यात. गुडघे दाखवायला गेलीय. फार दुखतात हो तिचे. तरी माझ्याजवळ खाली बसते."

उभ्या संसारात असलं काही ते तिच्या तोंडावर बोलले नव्हते. डावा गुडघा अजून बोंबलत होता. "आता नाही दुखत तिला," आजी म्हणाली.

"बरं झालं," ते म्हणाले आणि दाराकडे बघत राहिले. तीही शेजारी उभी राहून दाराकडे बघू लागली.