एकाच खोक्यात दोघी

औषधांची दुकानं आमच्या कंपनीकडे माल मागवतात. त्या मागण्यांचा डेटाबेस एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात होता. तो दोन सर्व्हरच्या जोडीवर चालायचा. एक बंद पडला की दुसरा चाळीस सेकंदांत काम उचलायचा. त्यांना मी थोरली आणि धाकटी म्हणायचो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी थोरलीची वायर स्वतःच्या हातानं उपसायचो आणि धाकटी उभी राहते का ते घड्याळ लावून बघायचो. लोक हसायचे. हसू देत, माझं काय जात होतं?

मग साहेबांच्या डोक्यात जागा वाचवायचं खूळ शिरलं. चौदा सर्व्हर भंगारात, त्यांच्या जागी तीन मोठी खोकी आणि खोक्यांच्या पोटात लिनक्सची व्हर्च्युअल मशीन. म्हणजे यंत्र नाहीच, यंत्राचं सोंग. एका खोक्यात अशी डझनभर सोंगं सुखानं नांदतात. "एवढं झालं की ही खोली सांभाळायला एकच माणूस पुरे," साहेब म्हणाले आणि आम्हां दोघांकडे बघून गोड हसले.

दोघांतला दुसरा माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सात वर्षांपूर्वी मीच त्याला या नोकरीला लावला होता. लिनक्स म्हणजे त्याच्या हातचा मळ. मी चोपन्न वर्षांचा, नव्या पडद्यासमोर बसलो की चष्मा पुसत राहणारा. राहणार तो आणि जाणार मी, हे दारावरच्या रखवालदारालाही कळत होतं.

साडूनं थोरली-धाकटीसकट सगळं त्या खोक्यांत हलवलं, नीटनेटकं हलवलं. दहा तारखेला साहेबांसमोर चाचणी झाली. त्यानं पडद्यावरूनच थोरली बंद केली, धाकटी चाळीस सेकंदांत उभी राहिली. टाळ्या पडल्या.

"एकदा खोक्याची वायर उपसून बघू या," मी म्हणालो.

"काका, वायरी उपसायचे दिवस गेले आता," साहेब म्हणाले, आणि अख्खी खोली हसली. साडूही हसला. साहेबांचं हसणं मी गिळलं असतं. साडूचं मला झोंबलं.

सगळे गेल्यावर सहाच्या सुमाराला मी त्याच्या नव्या व्यवस्थेत शिरलो आणि कोण कुठे आहे त्याची यादी उघडली. थोरली, खोकं दोन. धाकटी, खोकं दोन. पुन्हा वाचलं. 'ही जोडी वेगळ्या खोक्यांत ठेवा' या ओळीपुढे खूण करायची राहिली होती. दोन नंबरचं खोकं बसलं की दोघी एकदम बसणार, मग कोण कुणाचं काम उचलणार? एका खुणेचं काम. मी करू शकलो असतो. नाहीतर फोन करून म्हणू शकलो असतो, अरे, एवढं राहिलं बघ तुझं. पण मला कुणी विचारलं होतं का? वायरी उपसायचे दिवस गेले होते ना? मी पान बंद केलं, डबा पिशवीत टाकला आणि घरी गेलो. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला छान झोप लागली.

अकराव्या दिवशी भर दुपारी दोन नंबरचं खोकं मेलं. सहाशे दुकानं पाच तास खोळंबली. साहेबांनी साडूला सगळ्यांसमोर सोलून काढलं. तो मान खाली घालून एकच वाक्य बोलला, "चूक माझी आहे." महिनाअखेर त्याला जायला सांगितलं. मला म्हणाले, "काका, तुमचंच खरं होतं."

शेवटच्या दिवशी त्यानं किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"साडूभाऊ, लॉगमध्ये तुमचं नाव आहे. दहा तारीख, सहा वाजून वीस मिनिटं. यादी उघडलीत तुम्ही."

किल्ल्या बाजूला सारत मी विचारलं, "मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दोघंही गेलो असतो. एका घरात तरी पगार यायला हवा ना? दोघी एका खोक्यात ठेवायच्या नाहीत, हे मी तुमच्याकडूनच शिकलो आणि तेच विसरलो." तो दाराकडे वळला. "तुम्ही विसरला नव्हता."

खोकं दुरुस्त झालं तरी ती खूण तशीच राहिली होती; तो गेल्यावर मी केली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

घरी बायको बहिणीशी बोलून नुकताच फोन ठेवत होती. डोळे रडून सुजले होते.

"एवढीशी खूण राहिली म्हणे," ती म्हणाली. "तुम्ही तर तिथेच होता. बारीकसारीक सगळं दिसतं तुम्हाला. हे कसं नाही हो दिसलं?"

मी हात धुवायला आत गेलो. ती दाराशी येऊन उभी राहिली, उत्तराची वाट बघत.