बिनशेपटीच्या राक्षसाविरुद्ध

मी एक जुनी शेपटी आहे. मित्रांनो, माझ्या एकेका फटक्यात अख्खी शहरं आडवी झालेली आहेत. शहरं पुठ्ठ्याची होती, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म सोनागिरीतला. कारखान्यात फिटर असलेल्या विश्वनाथरावांनी लहानपणी एका अजस्र राक्षसाचा चित्रपट पाहिला होता. तो त्यांच्या अंगातून कधी उतरलाच नाही. कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या बालनाट्यासाठी त्यांनी राक्षसाचा पोशाख कसाबसा शिवला, पण मला मात्र मन लावून घडवलं. आत सायकलची चेन, वर फोम, त्यावर स्कूटरच्या सीटचं हिरवं रेक्झिन. लांबी सात फूट. माझा फटका खायला पोरं रांग लावायची. ज्याला लागला नाही तो रडत घरी जायचा. मागून मला दोरीनं उचलून धरायचं काम त्यांच्या पत्नी वसुधाताईंकडे होतं. कलाकारांच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही.

पुढे पोरं मोठी होऊन पुण्या-बंगळूरला गेली आणि मी दिवाणात, गाद्यांखाली. पाहुणे आले की मला चादरीत गुंडाळून लोड म्हणून द्यायचे. मी कुणालाही नीट टेकू दिलं नाही.

यंदा निवृत्तीनंतर अवधपुरीतल्या छोट्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. शेपटी येणार नाही, असं वसुधाताईंनी सांगून टाकलं. विश्वनाथरावांनी थोडी मुदत मागितली. तोच राक्षस नव्या चित्रपटात येत होता. तो पाहून कॉलनीतली आताची पोरं पुन्हा शेपटी मागायला येतील, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला ते मला खांद्यावर टाकून वसुधाताईंसह निघाले.

थिएटरच्या दारात गार्डनं अडवलं. "ये क्या है, अंकल?"

"दुम."

"किसकी?"

विश्वनाथरावांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि आत गेले.

राक्षस आला. त्यानं पूल मोडला, दोनदा डोळ्यांत पाणीही आणलं. पण मागे काही नाही. पाठ सरळ, रोज जिमला जाणाऱ्यासारखी. विश्वनाथराव उभे राहिले. मागून कुणीतरी बसा म्हणालं, ते बसले नाहीत.

"शेपटी काढल्यावर उरलं काय? उंच माणूस," ते वसुधाताईंना म्हणाले आणि मध्यंतरात मला घेऊन बाहेर पडले. वसुधाताईंनी नुकतेच समोसे घेतले होते. त्या थांबल्या.

घरी येऊन विश्वनाथरावांनी मला पुसलं, चेनला तेल दिलं. टेम्पोवाल्याला फोन करून बजावलं, की जागा नसेल तर ड्रेसिंग टेबल राहू दे, शेपटी आधी चढेल. कॉलनीच्या ग्रुपवर चित्रपटावर बहिष्कार जाहीर केला. अठरा जणांनी अंगठा दिला. मित्रांनो, त्या दुपारी जगातली अखेरची शेपटी मी होते, आणि तशीच ताठ पडून होते. तुमच्याही घरी असं जुनं काही असेल तर ते जपा. नव्यानं त्याला रद्द केलं, तर नव्याला मानू नका.

संध्याकाळी वसुधाताई आल्या. चपला काढत म्हणाल्या, "अहो, मध्यंतरानंतर फुटली की त्याला शेपटी. दोन फुटल्या."

ड्रेसिंग टेबल अवधपुरीला आलं. मीही आले. बाल्कनीच्या दाराखालून धूळ येते, तिथे मी आडवी असते.