बारावी खुंटी

गावकऱ्यांनी पाणथळीतली निसर्गफेरी सुरू केली तेव्हा नियम एकच ठरला: माणसं नाही, गमबूट मोजायचे. माणसं गप्पा मारत पांगतात, बूट बिचारे जागच्या जागी राहतात. जंगलाच्या कडेला शेड, शेडमध्ये फेरीतल्या बारा जणांसाठी बारा खुंट्या. जो परत येईल त्याने पुढच्या खुंटीला जोड टांगायचा. बारा भरल्या की सगळे परतले, मगच कुलूप.

थोरली सून पुढे चालून पक्षी दाखवायची. रांगेच्या शेवटी तिची नणंद, लांब तंगड्यांमुळे सगळ्यांची ‘बगळी’. सोमवारी सासू घरी बूट धुवायची आणि पाहुण्यांच्या अकलेचा उद्धार करायची.

गेल्या वर्षी एका रविवारी बारावी खुंटी रिकामी राहिली. थोरलीला वाटलं, कुणीतरी शहाणा बुटांसकट गाडीत बसला असणार. असं दोनदा झालंही होतं. बगळी तर नेहमीच न सांगता घरी पळायची. थोरलीच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने फळीवरचा जादा जोड बाराव्या खुंटीला अडकवला आणि कुलूप लावलं.

बगळी एका पाहुणीची टोपी शोधायला लव्हाळ्यात परत गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचं प्रेत चिखलात सापडलं. लोक म्हणाले, खुंट्या तर बाराही भरलेल्या; परतल्यावर जादा जोड घालून पुन्हा गेली असेल, पोरगी हट्टीच. थोरलीने तोंडातून ब्र काढला नाही.

तेव्हापासून बाराव्या खुंटीवरचा जोड कुणाला देत नसत. तरी दर सोमवारी शेड उघडली की तो घोट्यापर्यंत ओला.  थोरली मनाची समजूत घालायची, की सासूलाच सगळं कळलंय आणि तीच आपल्याला छळतेय.

एका सोमवारी बुटात लव्हाळ्याची ओली काडी निघाली. थोरलीने तो जोड सासूपुढे टाकला.

“आई, पुरे करा आता. त्या दिवशी मीच हा जोड अडकवला होता.”

सासूने बादलीतून हात काढले. “ठाऊक आहे. बूट मीच धुते ना? अकरा चिखलाने माखलेले, आणि हा कोरडा ठणठणीत.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तूही घर सोडून गेली असतीस. एक गेली तेवढी बास.”

थोरलीला रडू कोसळलं. “मला मारा हवं तर. पण हे बूट भिजवू नका हो.”

सासू बुटांकडे बघतच राहिली. “मी? अगं, शेडच्या पायऱ्या चढवत नाहीत मला. मला वाटायचं, तूच ओले करून आणतेस. तिच्या आठवणीने.”

पुढच्या रविवारी फेरी संपल्यावर थोरलीने सगळ्या गावासमोर आपली चूक सांगितली. कुणी शिव्या दिल्या, कुणी मान खाली घालून निघून गेलं. तिने खोटा जोड खुंटीवरून काढून फळीवर ठेवला आणि सासूला हात धरून वर आणलं.

अकरा खुंट्या भरल्या होत्या. दोघी दारात बसल्या. अंधार पडायला लागला तरी कुणी कुलपाला हात लावला नाही. एक जोड अजून यायचा होता.