मुसके माझ्याच तोंडाला

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. माझे मागचे पाय आता नीट उचलत नाहीत, एका कानाने ऐकू येत नाही. नाक मात्र अजून शाबूत आहे. माझ्या वयाच्या कुत्र्या उन्हात पडून राहतात आणि कोणी आले की शेपूट हलवतात. मी हलवत नाही. मला राग आलेला आहे, आणि तो का आला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवत नाही.

माझे नाव हुइया. हुइया हा आमच्या न्यूझीलंडमधला एक पक्षी होता. होता म्हणते, कारण त्याची पिसे टोपीत खोचायला माणसांना इतकी आवडली की शेवटी पिसेच उरली. माझी मालकीण मेरेआना हिने मला हे नाव मुद्दाम ठेवले. दर हाकेला आपल्याला आठवण राहील, असे ती म्हणे.

मेरेआना आमच्या खोऱ्यातल्या माओरी, म्हणजे या देशाच्या मूळ लोकांपैकी. खोऱ्याच्या वरच्या रानात थोडेसे किवी उरले होते, आणि तेही गेले तर आपल्या नातवंडांना काय दाखवायचे, या विचाराने तिच्या लोकांनी ते रान राखायला घेतले होते. किवीला उडता येत नाही. पंख आहेत, पण ते पिसांत बोट घालून शोधावे लागतात. दिवसभर तो बिळात झोपतो आणि काळोख पडला की लांब चोच जमिनीत खुपसत किडे शोधत हिंडतो. माणसाच्या डोळ्यांना तो सापडत नाही. म्हणून मला आणले.

पिल्लू असल्यापासून मला किवीच्या पिसांचा वास दिला गेला. ओल्या मातीत अळंबी उगवल्यासारखा तो वास असतो. तो लागला की थांबायचे, खाली बसायचे आणि मेरेआनाकडे पाहायचे. भुंकायचे नाही. एक पाऊलही पुढे टाकायचे नाही. अंगातली प्रत्येक शीर धाव म्हणत असताना बसून राहणे किती कठीण असते, हे कुत्र्यालाच कळेल. रानात जाताना माझ्या गळ्यात घंटी आणि तोंडाला मुसके असे. मुसक्याचा पट्टा नाकाला काचत असे. पण उघड्या तोंडाचे कुत्रे त्या रानात न्यायचे नाही असा नियम होता, आणि नियम सगळ्या कुत्र्यांना सारखाच असेल, असे मला वाटे.

मी काम चांगले केले, हे मी सांगते यात बढाई नाही. मी बीळ दाखवायची, मेरेआना पोटावर आडवी होऊन खांद्यापर्यंत हात आत घालायची, आणि चिडलेला पक्षी पाय धरून अलगद बाहेर काढायची. त्याचे वजन करायची, पायात घातलेले ओळखीचे कडे तपासायची. किवीची अंडी नर उबवतो. काही अंडी आम्ही शहरातल्या उबवणी केंद्रात पाठवत असू, कारण रानातली पिल्ले स्टोट नावाचा मुंगसासारखा प्राणी खाऊन टाकतो. तोही माणसांनीच बाहेरून आणलेला. पिल्लू त्याला लाथ मारण्याइतके मोठे झाले की आम्ही ते परत रानात सोडत असू.

असाच सोडलेला एक नर होता. हात पाठीमागे बांधून पाहणीला निघाल्यासारखा तो चालायचा, म्हणून कोरो हेनारे यांनी त्याचे नाव मंत्री ठेवले होते. कोरो म्हणजे आजोबा. सगळे खोरे त्यांना कोरोच म्हणे. मंत्री मोठा झाला, त्याने जोडीदारीण मिळवली, पुरीरीच्या एका जुन्या झाडाखाली बीळ केले. त्या वर्षी तो अंड्यावर बसला तेव्हा मेरेआना रडली होती. तेव्हा लोक माझे फोटो काढत. शाळेतली मुले माझ्यासाठी बिस्किटे आणत. सगळे म्हणत, हुइया नसती तर हे रान केव्हाच मुके झाले असते.

आता पीटाबद्दल सांगते. पीटा मेरेआनाचा मावसभाऊ. मेरेआनाची आई लवकर गेली आणि पीटाची आई, वाइमारी मावशी, हिने तिला पोटच्या मुलीसारखे वाढवले. पीटा रानडुकरांची शिकार करायचा. कोणाच्याही घरी मयत असो की लग्न असो, मांस पीटाकडून यायचे, आणि त्याचे पैसे तो कधी घेत नसे. हसवायचाही फार. मला पाहिले की म्हणायचा, "ताई, तुझ्या या मास्तरणीला एखादं डुक्कर दाखवू का? मुसक्यासकट झाडावर चढेल." त्याच्याकडे शिकारी कुत्री होती. त्यांतला बॉस सर्वांत दांडगा, पट्ट्यापट्ट्यांचा. शिकारीहून आले की ती कुत्री अंगणात मोकळीच असत, आणि फाटक कोणी लावत नसे.

एका सकाळी ओढ्याकाठी आम्हाला एक किवीची मादी मेलेली सापडली. रक्त जवळजवळ नव्हते. मेरेआनाने तिला हातात घेतले आणि मी पिसांचा वास घेतला. त्या पिसांवर बॉस होता. मला शंका घ्यायला जागाच नव्हती, मित्रांनो. मी दोरी ओढत उतारावरून खाली निघाले, कुंपणाला वळसा घातला आणि पीटाच्या फाटकाशी जाऊन बसले. आत बॉस पसरला होता. त्याने मला पाहून शेपूट हलवले. मी मान वळवून मेरेआनाकडे पाहिले, जसे मला शिकवले होते तसे.

तिला कळले. दोरीवरचा तिचा हात घट्ट झाला, ते मला जाणवले.

पीटा पायरीवर बसून शिंपले साफ करत होता. "काय ताई, सकाळीसकाळी इकडे कुठे?"

तिने दोरी आखडून घेतली. मग म्हणाली, "काही नाही रे. हुइयाला तुझ्या कुत्र्यांचा वास लागला असेल." आणि तिने मला ओढून परत नेले. इतकी वर्षे, मी बीळ दाखवले की ती माझी पाठ थोपटायची. त्या दिवशी तिने मला ओढले.

त्यानंतर आणखी पक्षी मेले. लोक संतापले आणि मराएवर, म्हणजे आमच्या लोकांच्या सभेच्या जागी, सगळे जमले. मी दाराबाहेर बांधलेली होते. कोणी स्टोटवर आळ घेतला, कोणी सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांच्या कुत्र्यांवर. मग पीटा उठला. तो म्हणाला, "आमची कुत्री आमच्या अंगणात असतात. रोज रानात जाणारं कुत्रं एकच आहे. मी कुणाचं नाव घेत नाही, पण नाव पक्ष्याचं आहे." लोक हसले. हसता हसता ते माझ्याकडे पाहू लागले, आणि मग हसणे थांबले.

मेरेआनाने सांगितले की हुइयाला मुसके असते. मुसके काय, निघतेही, असे कोणीतरी म्हणाले. एकाने तर मला गोळी घालून विषय संपवावा असे सुचवले. ज्यांच्या मुलांनी मला बिस्किटे चारली होती, ते खाली पाहत बसले. मेरेआना पीटाचे नाव घेईल म्हणून मी वाट पाहत होते. पुढच्या रांगेत वाइमारी मावशी बसली होती. मेरेआना तिच्याकडे पाहायची आणि गप्प राहायची. शेवटी ठरले की खरे काय ते कळेपर्यंत मला कोंडून ठेवायचे. कोरोंनी मला मराएमागच्या जाळीच्या खोपटात घातले आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

मी जाळीच्या आत होते तेव्हा मंत्री मेला.

बीळ पंजांनी उकरून उघडे केले होते. तो अंड्यावरून उठून पळाला नव्हता. मेरेआना पोचली तेव्हा अंडे अजून कोमट होते. तिने ते लोकरीच्या टोपीत गुंडाळून छातीशी धरून खाली आणले, आणि कोरो गाडीतला हीटर लावून ते शहरात घेऊन गेले. जाण्याआधी त्यांनी तिच्या हातात किल्ली दिली. ती खोपटात येऊन माझ्याजवळ बसली. तिच्या हातांना मंत्रीचा वास होता आणि बॉसचाही. "तू मला सांगितलं होतंस," ती म्हणाली. मी तिचा हात चाटला नाही. मला चाटवले नाही.

तो रविवार होता. प्रार्थनेनंतर सगळे मराएवर एकत्र जेवायला बसले होते. मेरेआना मला घेऊन आत गेली, आणि कुमारा कंदांचे ताट व तळलेल्या पावाची परडी बाजूला सारून तिने मंत्रीला टेबलावर ठेवले. जेवणाच्या जागी मेलेला जीव ठेवणे हे आमच्याकडे फार वाईट समजतात. कोणीतरी तिला दटावले. ती हलली नाही.

"हुइया कोंडलेली होती. किल्ली कोरोंकडे होती," ती म्हणाली. "याच्या छातीला हात लावून बघा. कोंबडीच्या छातीला मधोमध जे भक्कम हाड असतं ना, ते याला नसतं. उडायचंच नाही, तर हवं कशाला? कुत्र्यानं नुसतं खेळायला म्हणून तोंडात धरलं तरी छाती आत जाते."

कोणी हात लावला नाही.

"रानात भटकी कुत्री थोडी आहेत का?" पीटा म्हणाला.

"पीटा, पहिल्याच दिवशी हुइयानं मला तुझ्या फाटकाशी आणून बसवलं होतं. मी बोलले नाही, कारण मावशीनं मला वाढवलं."

वाइमारी मावशीने हातातला चमचा खाली ठेवला. "मी तुला गप्प बसायला नाही वाढवलं," ती मेरेआनाला म्हणाली. मग मुलाकडे वळली. "फाटक उघडं होतं?"

"आई, बॉस काही करत नाही. पोरं त्याच्या अंगावर लोळतात."

"मी ते नाही विचारलं."

पीटाने ताट बाजूला सारले. "उघडं असतं," तो म्हणाला.

माझी माफी कोणी मागितली नाही. लोकांनी ताटे उचलली, कोणी मंत्रीवर रुमाल घातला. मला पाव देऊ करणारे दोघेतिघे निघाले, पण माझ्या डोळ्याला डोळा कोणी भिडवला नाही.

दुसऱ्या दिवशी पीटा बॉसला घेऊन टेकडीमागे गेला. बंदूक पाहून बॉसला शिकारीला निघालोत असे वाटले असणार. तो उड्या मारत पुढे गेला. एकच बार ऐकू आला. तुम्हाला वाटेल, मला बरे वाटले असेल. नाही वाटले. मला त्या दिवशी जितका राग आला तितका कोंडले तेव्हाही आला नव्हता. या पक्ष्याला धरायचे नाही, हे बॉसला कोणी कधी शिकवले होते? मला शिकवले म्हणून मी शहाणी ठरले. फाटक उघडे ठेवले माणसाने आणि गोळी खाल्ली कुत्र्याने. आणि आपल्या माणसाला वाचवायला जी गप्प बसली, तिच्यामुळे मंत्री गेला. मी मेरेआनावर प्रेम करते, पण हे मी विसरलेले नाही.

अंडे फुटले. पिल्लू आले, वाढले, आणि मेरेआनाने ते रानात सोडले तेव्हा सगळे खोरे गात होते. पीटा मागे उभा होता. पुढे तो एकेका अंगणात जाऊन खांब पुरू लागला, जाळ्या ठोकू लागला. आपल्या उरलेल्या कुत्र्यांना त्याने मेरेआनाकडे शिकायला आणले. आता तो माझ्यावर विनोद करत नाही. एकदा माझ्या मुसक्याचा पट्टा नाकाला काचतो हे त्याने पाहिले, आणि न बोलता त्याला आतून मऊ कातडे शिवून दिले. मी त्याच्या हाताचा वास घेतला आणि उठून दुसरीकडे जाऊन बसले.

आता उन्हाळ्यात लोक शहरातून गाड्या घेऊन आमच्या खोऱ्याखालच्या समुद्रकिनाऱ्यावर येतात. त्यांच्या सदऱ्यांवर किवी असतो, पाकिटातल्या नाण्यावर किवी असतो, खेळाचा सामना असला की ते स्वतःलाच किवी म्हणवून घेतात. मग ते गाडीचे दार उघडतात आणि त्यांचे मोकळे कुत्रे थेट रानाच्या वाटेला लागते. मालक शीळ घालतो. कुत्रे वळत नाही. मालक हसतो.

मित्रांनो, पाठलाग माझ्या रक्तात आहे. माझ्या आईने केला, तिच्या आईने केला. तरी मी किवीपासून हातभर अंतरावर, थरथरत, गप्प बसून राहायला शिकले. तुम्हाला एवढे कठीण काही करायचे नाही. तुम्हाला फक्त फाटक लावायचे आहे.