सैल काठ

संग्रहालयातल्या जुन्या टोपल्या आणि चटया मी दुरुस्त करते. माझं काम चोख आणि तोंड फटकळ. त्या दिवशी एक म्हातारा वेताच्या टोपलीवरून बोटं फिरवताना दिसला, तशी मी ओरडलेच, "आजोबा, पाटी वाचता येत नाही का? हात लावू नका!"

"बायकोची टोपली बघायला आलोय," तो म्हणाला. "ती गेली त्या वर्षी मीच इथे आणून दिली होती. पण ही ती नाही."

मी तणतणत नोंदवही आणली. तारीख, नाव, सगळं जुळत होतं.

"वहीत असेल हो. पण हिचा काठ बघा, किती घट्ट आहे! तिची करंगळी मोडून वाकडी झाली होती. विणताना त्या बाजूला काठ बोटभर सैल राहायचाच. जन्मभर त्यावरून बोलणी ऐकवली मी तिला." त्याने पुन्हा काठ चाचपला. "म्हटलं, तेवढ्या जागी एकदा हात ठेवावा."

मी नोंदवही मिटली. तो सैल काठ मागच्याच महिन्यात मी उसवला होता आणि नव्या वेताने ताणून बांधला होता. जुना वेत कचऱ्यात गेला होता.

"अदलाबदल झाली असेल," मी म्हणाले. "शोधते."

आता दर मंगळवारी तो येतो आणि दारातूनच विचारतो, "सापडली का हो, ताई?"

मी ओरडू नये म्हणून तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा असतो.